पुरा दाबला की!

चौऱ्याहत्तर सालच्या भोगीला पंचाक्षरी कलशेट्टी यांना काय काय मिळायचं होतं, ते आधी सांगून टाकलेलं बरं. नंतर माणसं फक्त काय गेलं तेवढंच बोलत बसतात. तर, पहिलं म्हणजे कुंभारीला दिलेली त्यांची थोरली बहीण दाक्षायणीअक्का सिद्धेश्वराच्या लग्नाला हजर राहणार होती. दर भोगीला दुपारी सोलापुरात देवाच्या लग्नाच्या अक्षता पडतात आणि अक्काने जन्मल्यापासून त्या एकदाही चुकवल्या नव्हत्या. दुसरं, ही अक्का आणि पंचाक्षरींची बायको हेमावती यांच्यातला नऊ वर्षांचा अबोला सुटायची आशा होती. तिसरं, त्यांच्या खिशात चार वर्षं नुसताच बसून असलेला मोटार चालवण्याचा परवाना एकदाचा कामाला लागणार होता. चौथं ते कुणाजवळ कबूल करत नसत, पण आपल्याला सांगायला हरकत नाही : शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीचं तोंड कायमचं बंद होणार होतं.

गल्लीला तोंड उघडायची संधी पंचाक्षरींनीच, म्हणजे गल्लीच्या पंचाप्पांनीच, दिली होती. एका पतपेढीत हेडक्लार्क असलेल्या, सायकलवर कचेरीत जाणाऱ्या माणसाने ड्रायव्हिंग शिकायचं कारण नव्हतं. पण शिकले. परवाना आला त्या दिवशी पेढे वाटले. पेढे संपले, विचारणा संपली नाही. "पंचाप्पा, मोटार कुठं लावता?" समोर राहणारे धुळाप्पा, मिलमधून रिटायर झालेले फिटर, तर रोज सकाळी पंचाप्पांनी सायकल बाहेर काढली की ओट्यावरून ओरडायचे, "हॉर्न वाजवा की, साहेब! माणसं चिरडतील!"

तर पावसाळ्यात अक्का अंगणात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी बसचे गचके बंद केले. दिवाळीला पंचाप्पा भेटायला गेले तेव्हा अक्का खुर्चीतून म्हणाली, "तम्मा, औंदा माझ्या अक्षता गेल्या बघ."

आई गेल्यावर या अक्कानेच पंचाप्पांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्यामुळे तिच्यापुढे त्यांच्या तोंडातून शब्द फार लवकर सुटत. "जातील कशानं?" ते म्हणाले. "मोटारीनं नेतो की तुला!"

संध्याकाळपर्यंत हे सगळ्या कुंभारीला माहीत झालं होतं.

मोटार मिळाली ती पतपेढीचे संचालक मल्लिकार्जुन शेठ यांची. त्यांचा ड्रायव्हर ज्ञानबा संक्रांतीला मोडनिंबला गावी जाणार होता, म्हणजे गाडी रिकामीच होती. "परवाना हाय न्हवं?" शेठनी विचारलं. पंचाप्पांनी परवाना इतक्या झटक्यात काढून समोर धरला की शेठ मागे सरकले.

भोगीच्या आदल्या संध्याकाळी ती काळी, पाठीत वाकलेली मोटार गल्लीत शिरली. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीलाच होता. शेठच्या घरापासून पंचाप्पांनी ती सबंध वाट दुसऱ्या गिअरमध्ये आणली, पण आणली. हे महत्त्वाचं आहे. संध्याकाळी गाडी व्यवस्थित चालत होती.

हेमावतीने मोटारीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि आत जाऊन ट्रंकेतून मोरांची नक्षी असलेली कोरी, लालभडक सोलापुरी चादरींची जोडी काढून आणली.

"हे काय?"

"वन्संच्या पायाखाली घालते. गार लागायचं नाही." मग ओठ दाबून म्हणाली, "चादर म्हणाल्या होत्या ना मला? आता चादरीवरच पाय ठेवून येऊ देत की. बघू काय म्हणतात."

नऊ वर्षांमागे एका बारशात अक्काने हेमावतीची शेंगापोळी ताटातून दोन बोटांनी उचलून धरली होती आणि पंगतीला विचारलं होतं, "ही पोळी हाय का चादर? एक घेतली की थंडी जाईल बघा!" पंगत हसली. हेमावती उठून आत गेली, ती नऊ वर्षं आतच होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं पंचाप्पांमार्फत व्हायचं. ते बोलणं 'तुमच्या अक्काला सांगा' आणि 'तुझ्या बायकोला इचार' या दोन वाक्यांत भागे. आता नऊ वर्षांनी हेमावतीने त्या शब्दाचं उत्तर काढलं होतं, आणि ते उत्तर मऊ होतं.

एक चादर तिने मागे अंथरली. दुसरी आठ पदरी घडी करून पुढे, ड्रायव्हरच्या पायाशी.

"पुढं कशाला?"

"जोडी हाय ती. जोडी मोडू नये." आणि गादीला खोळ चढवावी तशी तिने ती पार आतपर्यंत, कोपऱ्याकोपऱ्यात खोचली. "चप्पल घालून कुणी आत पाय ठेवायचा नाही हं."

हा नियम दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पाळला. जरा जास्तच पाळला.

भोगीच्या सकाळी सात वाजता पंचाप्पा पांढरीशुभ्र बाराबंदी घालून, डोक्याला फेटा बांधून, अनवाणी मोटारीत बसले. गल्ली ओट्यांवर बसली होती. किल्ली फिरली, इंजिन लागलं. पंचाप्पांनी क्लच दाबला, दांडा पहिल्या गिअरकडे ओढला आणि मोटारीच्या पोटातून असा आवाज आला, जणू दळण टाकलेल्या गिरणीत कुणी खिळ्यांची ओंजळ सोडली असावी.

दुसऱ्यांदा तोच आवाज. तिसऱ्यांदा पंचाप्पांनी डोळे मिटून सिद्धेश्वराचं नाव घेतलं. आवाजात फरक पडला नाही.

धुळाप्पा ओट्यावरून उठले. त्यांनी चौतीस वर्षं माग दुरुस्त केले होते, आणि जगातल्या सगळ्या यंत्रांत शेवटी एक मागच असतो असं त्यांचं मत होतं. खिडकीत डोकं घालून त्यांनी विचारलं, "किलच दाबला का?"

"दाबला की!"

"पुरा?"

"पुरा दाबला की! याच्याखाली आता जागाच नाही."

"मग धोटा अडकलाय," धुळाप्पा म्हणाले. धोटा मागात असतो, मोटारीत नसतो, हे पंचाप्पांनी सांगून पाहिलं. "नाव येगळं असंल," धुळाप्पा म्हणाले, चपला काढून शेजारी येऊन बसले आणि इंजिन बंद करायला लावलं. इंजिन बंद केल्यावर गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. पहिला, दुसरा, तिसरा, उलटा, सगळे. इंजिन चालू केलं की पुन्हा खिळे.

"म्हंजे झोपली की ऐकती, जागी झाली की न्हाई," धुळाप्पा म्हणाले. "आमचा वीव्हिंग मास्तर उलटा होता."

इथून पुढे सल्ल्यांना अंत राहिला नाही. कुणी म्हणालं रात्रीच्या थंडीने तेल गोठलं, गरम पाणी ओता. कुणी म्हणालं लिंबू डाव्या चाकाखाली ठेवलं होतं, ते उजव्या हवं. एकाने तर शेठच्या मोटारीला परक्या हाताची सवय नाही असं निदान करून, ज्ञानबाचा एखादा जुना सदरा सीटवर टाकावा असं सुचवलं. पंचाप्पांनी पाणी ओतलं, लिंबू बदललं, आणि सदऱ्याचाही क्षणभर विचार केला. मी हसत नाही. बहीण दहा मैलांच्या आत वाट बघत असेल तर माणूस सदऱ्याचाही विचार करतो.

शेवटी धुळाप्पाच हळू आवाजात म्हणाले, "पंचाप्पा, माझ्या साडूचा टांगा हाय. दोन गाद्या घालू. घोडं म्हातारं हाय, पळत न्हाई, म्हंजे गचका न्हाई. बारापर्यंत अक्का हितं."

"धुळाप्पा, अक्काला मी मोटार सांगितलीय. टांगा नाही सांगितला."

"तिला अक्षता पायजेत का मोटार?"

ओटे ऐकत होते. पंचाप्पांनी चार वर्षांतली एकेक सकाळ आठवली. "मिस्त्री आणतो," ते म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. ही वेळ लक्षात ठेवावी.

मैनुद्दीन मिस्त्री सणाचा दिवस असूनही आले. ते मोटारीखाली आडवे झाले आणि खालून ओरडले, "दबाव, साब!"

"दाबला की!"

"पूरा?"

"पुरा दाबला की!"

खालून आवाज आला, "साब, तुम ऊपर पूरा बोलरे, नीचे आधाच आरा. बीच में कोन खारा?"

पंचाप्पा ताठ झाले. वीस वर्षं पतपेढीत काढलेल्या माणसापुढे हा प्रश्न असा चारचौघांत विचारायचा नसतो. "मिस्त्री," ते खाली वाकून म्हणाले, "बीचमें कोई नहीं खाता. अजून एक ऑडिटर बोट दाखवू शकला नाही." मिस्त्रींना यातलं काही कळलं नाही. त्यांनी विचारलं होतं ते अगदी बरोबर होतं, आणि त्या दिवसभरात मोटारीबद्दल तेवढा एकच माणूस बरोबर बोलला.

ते बाहेर आले आणि स्वतः दाबून पाहायला दार उघडून उभे राहिले. समोर मोरांची कोरी चादर, दारात हेमावती. मिस्त्रींनी सँडल काढले, आपल्या काळ्याकुट्ट पायांकडे पाहिलं, मग चादरीकडे. "नक्को, भाभी. मैली होती," असं म्हणत त्यांनी बाहेरूनच अंग वाकवून एका बोटाने पेडल जरासं टोकरलं आणि हात झटकला. "प्लेट चिपकी. गिअरबॉक्स उतारना पडता. गड्डा होने के बाद." गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, ती संपायला अजून बरेच दिवस होते.

सव्वाअकरा झाले होते. टांग्याचा विषय आता कुणी काढला नाही. धुळाप्पांनी मात्र दुसरी युक्ती काढली : इंजिन बंद असताना गिअर टाकायचा, मग किल्ली मारायची. एकदा निघाली की कुंभारीपर्यंत थांबवायचीच नाही.

"आणि कुंभारीत?"

"तितं मग इंजान बंद करायचं. अक्काला बसवायचं. पुन्हा तसंच."

कारखान्यात घडलेल्या बुद्धीचा हा सर्वोच्च बिंदू होता. पंचाप्पांनी गिअर टाकला, किल्ली मारली, आणि मोटारीने बेडकासारखी उडी घेतली. दुसरी उडी. तिसऱ्या उडीला गल्ली संपली. पंचाप्पांचा पाय ब्रेकवर गेला, पण गल्लीच्या तोंडाशी, सिद्धेश्वराच्या काठ्यांच्या, म्हणजे नंदीध्वजांच्या, मिरवणुकीसाठी उभारलेल्या मांडवाचा पुढचा खांब आधी आला. खांब वाकला, केळीचे दोन खुंट आणि आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बॉनेटवर पडलं, आणि मोटार मिरवणुकीच्या रस्त्यात आडवी होऊन, नवरीसारखी सजून, बंद पडली.

हवालदार दोन मिनिटांत आले.

"गाडी कुणाची?"

"मल्लिकार्जुन शेठची."

"तुमी शेठ?"

"मी पंचाक्षरी कलशेट्टी. परवाना आहे." चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तो परवाना नीट वाचला. हवालदारांनी तो उलटसुलट करून आपल्या खिशात ठेवला.

"खांब पडलाय. पंचनामा झाल्याबिगर गाडी हलवायची न्हाई."

"बरं."

"आणि काठ्या यायच्या आत हितनं हलली पायजे."

पंचाप्पांनी ही दोन वाक्यं मनात एकाखाली एक मांडून पाहिली. "हलवायची नाही आणि ठेवायचीही नाही?"

"कायदा हाय. पंच कोण?"

"पंचाप्पा हितंच हाईत की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आरोपीच पंच कसा व्हईल?" हवालदार खवळले. गर्दी हसली. पंचाप्पांनी खाली पाहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मोटारीखाली दोनदा वाकून आपल्या बाराबंदीचा पुढचा भाग मिलच्या बॉयलरवरच्या माणसाच्या सदऱ्यासारखा काळा झालाय.

तेवढ्यात लांबून "हर्र बोला हर्र" ऐकू आलं. काठ्या आल्या. आता कायद्याचा प्रश्न उरला नाही. पांढऱ्या कपड्यांतल्या पंधरावीस माणसांनी मोटारीला खांदे लावले, पंचाप्पा आत स्टिअरिंग धरून बसले, आणि मोटार उलटी गल्लीत शिरू लागली. एका म्हाताऱ्याला वाटलं की हीदेखील मिरवणुकीतलीच काहीतरी जुनी मानाची गोष्ट असावी. त्याने पुढे होऊन बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली आणि पंचाप्पांना नमस्कार केला. पंचाप्पांनीही केला. दुसरं काय करणार?

दुपारी तळ्याच्या बाजूने लाखभर माणसांचा एकदम उठलेला आवाज आला. अक्षता पडल्या. गल्लीत तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. धुळाप्पा ओट्यावर होते, पण त्यांनी हॉर्नचं नाव काढलं नाही. पंचाप्पांना ते हॉर्नपेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळच्या बसने नवराबायको कुंभारीला गेले. हेमावतीने शेंगापोळ्यांचा डबा घेतला आणि मोटारीच्या मागच्या बाजूची चादर काढून काखेत घेतली. पुढची राहिली. तिथे बसून पंचाप्पा नुसते स्टिअरिंगकडे बघत होते. त्यांना उठवून चादर मागायचं तिच्या जिवावर आलं.

अक्का ओसरीवर खुर्चीत होती. अंगात ठेवणीतलं इरकल, केसांत सुकलेली शेवंती, पायाशी बांधलेली पिशवी. तिची सून दारातच पंचाप्पांना म्हणाली, "मामा, पहाटं पाचपासनं बसल्यात. पाण्याचा थेंब घेतला न्हाई दिवसभर. वाटंत मोटार थांबवायला लागंल म्हनून."

पंचाप्पा ओसरीच्या पायरीवरच बसले.

"गिअर पडेना, अक्का," ते म्हणाले. हेडक्लार्कच्या तोंडी हे वाक्य फार लहान मुलाचं वाटलं.

"पडू दे की," अक्का म्हणाली. "माझ्या अक्षता पडल्या. सूर्य डोक्यावर आला तशी सोलापूरकडं तोंड केलं, पदरातल्या सोडल्या आणि टाकल्या. शेजारच्या कोंबड्यांनी येचल्या बघ. लगीन त्यांच्या नावावर." ती एकटीच हसली.

मग हेमावती पुढे झाली. तिने चादर उलगडली आणि अक्काच्या पायांवर घातली. अक्काने काठ दोन बोटांत धरला, जाडी चाचपली. नऊ वर्षांपूर्वी पोळी धरली होती तशीच.

"पोळी हाय का चादर?" अक्काने विचारलं.

"खाऊन बघा की, वन्सं," हेमावती म्हणाली.

आधी अक्का हसली, मग हेमावती, आणि मग दोघी एकमेकींचे हात धरून बराच वेळ रडल्या. पंचाप्पांकडे कुणी बघितलं नाही, हे बरंच झालं. दोघं निघताना अक्काने दोन पोळ्या खाल्ल्या आणि विचारलं, "पुढल्या भोगीला नेशील न्हवं, तम्मा? मोटारच पायजे असं न्हाई."

"नेतो की," पंचाप्पा म्हणाले.

तीन दिवसांनी ज्ञानबा मोडनिंबहून परतला आणि गाडी न्यायला आला. हेमावती आत होती. ज्ञानबाने दार उघडलं, आत वाकून बघितलं, आणि ती आठ पदरी चादर खसकन ओढून बाहेर काढली. ती पेडलाखाली इतकी गच्च बसली होती की दोनदा हिसका द्यावा लागला. मग बसून त्याने क्लच दाबला. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, जिथे गेले तीन दिवस कुणाचाच पाय गेला नव्हता तिथे गेला. इंजिन चालू होतं. दांडा टक् करून पहिल्यात पडला.

"सायेब, हिला पांघरूण कुणी घातलं?" ज्ञानबा हसत होता. "एवढी जाड चादर खाली आसल्यावर किलच दबंल कसा? ब्रेक वरच्या वर लागतोय म्हनून कळलं न्हाई व्हय!"

पंचाप्पा चादर छातीशी धरून उभे होते. समोर धुळाप्पांचा ओटा नेमका रिकामा होता. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ज्ञानबा, एक कर. हे कुणाला बोलू नकोस. विचारलं तर किलचप्लेट म्हण."

ज्ञानबाने हसू आवरलं. मोटार गल्लीतून निघून गेली, वळणावर दुसरा गिअरही पडला.

माघाच्या शेवटी अक्का गेली. खुर्चीतच गेली, पायांवर चादर होती. हेमावती सख्ख्या बहिणीसारखी रडली आणि परत येताना बसमध्ये म्हणाली, "तुमची ती मेली मोटार बिघडली नसती तर निदान शेवटच्या अक्षता तरी..."

"किलचप्लेट," पंचाप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"पण तुम्ही पुरा दाबला होता ना हो?"

"पुरा दाबला की."

तेव्हा आता कुणी काय भरलं ते बघून टाकू. अक्काने तिच्या अक्षता भरल्या, आणि दिवसभराचं पाणी. शेठने एक चेपलेलं बॉनेट भरलं. मांडवाच्या खांबाने सरळपणा. परवाना हवालदारांकडून महिन्याभराने परत आला तो ट्रंकेत गेला, आणि 'पंचाप्पांना गिअर टाकता येत नाही' ही गोष्ट गल्लीने जन्मभर सांगितली. त्यांनी एकदाही खोडली नाही. हेमावतीने एक चादर दिली आणि एक बहीण मिळवली. तिच्या अंगावर काही निघत नाही, पंचाप्पांनी निघू दिलेलं नाही. जोडीतली दुसरी चादर ती दर थंडीत पंचाप्पांच्या अंगावर घालते आणि ऊब येते का विचारते. ते "लई" म्हणतात. चादरीखाली ते बराच वेळ जागे असतात, पण तो चादरीचा दोष नाही, हे त्यांना केव्हाच कळलेलं आहे. चादरीने मोटार अडवली होती, टांगा नव्हे. नऊ वाजून दहा मिनिटांचं जे काही होतं, ते पंचाप्पांनी एकट्याने भरलं.